केशरमाय आणि निवडुंग

केशरमाय पाहुणी म्हणून येणार असं कळलं की तिचे नातेवाईक आधी घराची मागची बाजू साफ करून घेत. पुढचं अंगण नाही, मागची बाजू. कारण ती दारात पाय धुवायची, पाणी प्यायची, घरातल्या माणसांची चौकशी करायची आणि मग "आलेच" म्हणून घरामागे जायची. तिथे निवडुंगाचं एखादं बेट दिसलं की पाहुणचार संपला. लुगड्याचा काष्टा घट्ट करून ती कुदळ मागायची. तिच्या बहिणीने माझ्यासमोर एकदा कपाळावर हात मारून सांगितलं होतं, की लेकीच्या लग्नाला बोलावली तर मांडवाच्या दिवशी ही बाई परसात खड्डा खणत होती. आहेर म्हणून. आणि तो आहेर तिने स्वतःच्या हाताने केला म्हणून कुणाला नावं ठेवता येईनात.

आम्ही गोमाईच्या काठच्या त्या गावात गेलो तेव्हा माझी थोरली मुलगी चार वर्षांची होती आणि मधला पाळण्यात. आमच्या यजमानांची तिथल्या शाळेवर बदली झाली होती. नंदुरबारला गाडीतून उतरून, तापी उतारातून ओलांडून, बैलगाडीने दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो. वाटेत मला एकच गोष्ट दिसली. निवडुंग. तो फड्या निवडुंग, हातभर रुंद हिरवी पानं एकावर एक चढलेली, अंगभर काटे, आणि मधूनमधून लालभडक बोंडं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला. कुणी सांगत की साहेब लोकांनी आणला, कुणी सांगत देवानेच पाठवला. मला वाटलं, या मुलखात हेच पीक घेतात की काय.

आमचं घर केशरमायच्या घराला लागून होतं. पहिल्या सकाळी मी चुलीपुढे बसले होते, तर दारात एक बाई उभी. पन्नाशीची, काळीसावळी, उंच. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलेलं. हातात लोखंडी चिमटा, पण माणसाच्या उंचीचा. भाकरी उलटायचा चिमटा एखाद्या राक्षसाच्या घरातून आणावा तसा. माझी मुलगी माझ्यामागे लपली. बाईने चिमटा भिंतीला टेकवला, मला दुधाचा लोटा दिला आणि विचारलं की तुमच्या भिंतीमागचा निवडुंग तुम्हाला हवा आहे का. मी म्हटलं, नको बाई, मी कशाला हवा म्हणू. ती इतकी प्रसन्न हसली की मला वाटलं मी तिला काहीतरी मोठं दान दिलं.

तो चिमटा तिने स्वतः लोहाराकडे बसून करून घेतला होता. लोहाराला तीन वेळा टोकं वाकवायला लावली होती. कारण निवडुंग तोडणं हे काम नव्हेच, असं ती सांगे. तोडायला कुणीही तोडतो. पण तोडलेलं एक पान जमिनीवर राहिलं की त्याला आठ दिवसांत मुळं फुटतात. एकाचे दहा होतात. म्हणून पान न पान, तुकडा न तुकडा चिमट्याने उचलायचा, खड्ड्यात टाकायचा, वर माती दाबायची, आणि मग बुंध्याखाली कुदळ घालून मूळ काढायचं. मुळावर तिचा फार भर. गावात कुणी काहीही सांगायला आलं तरी तिचा एकच प्रश्न ठरलेला. अमक्याचा ताप उतरला म्हटलं, की "मूळ निंघनं का?" दोन जावांचं भांडण मिटलं म्हटलं, तरी "मूळ निंघनं का?" आमचे यजमान एकदा कौतुकाने सांगू लागले की अमुक मुलाला आता भागाकार जमू लागला, तर तिने त्यांनाही तेच विचारलं. ते विचारात पडले आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला पुन्हा पाढे म्हणायला लावले. पाढे येत नव्हते.

तारखा, महिने, सालं तिला नको असत. तिचं सगळं पंचांग निवडुंगाचं. पांदीतला निवडुंग काढला त्या साली पाटलाची लेक दिली. विहिरीजवळचा काढला त्या साली टोळधाड आली. माझा धाकटा, जो तिथे असतानाच झाला, तो "मसणवाटेचा निवडुंग काढला त्या सालचा" अशी त्याची ओळख ती अगदी मायेने सगळ्यांना करून देई. मला ती ओळख आवडायची नाही. पण काय करणार.

हे वेड तिला कशाने लागलं, ते तिने मला एकदा तुरी निवडताना सांगितलं. तिच्या सासरच्या सोळा बिघ्यांपैकी पाच बिघे निवडुंगाखाली गेले होते. सासऱ्याने नशीब म्हटलं, नवऱ्याने कुंपण म्हटलं. ती गप्प होती. मग एके दिवशी तिचा आवडता बैल पाण्यावरून येताना बिथरला, निवडुंगात शिरला आणि त्याच्या उजव्या डोळ्यात काटा गेला. डोळा गेला. नवरा म्हणाला, एका डोळ्यानेही बैल नांगर ओढतो. ओढलाही. पण तो बैल नांगराला जुंपला की सारखा मान उजवीकडे वळवून बघायचा, आणि ते तिला पाहवेना. त्या वर्षी तिने कुऱ्हाड उचलली. नवरा हसला. पुढे तो वारला. त्यांना मूलबाळ नव्हतं. मग हसणारं आणि थांबवणारं असं घरात कुणीच राहिलं नाही.

आमच्या यजमानांचा आणि निवडुंगाचा एक प्रसंग मला सांगायला नको, पण आता ते नाहीत आणि असते तरी हसलेच असते. एका सकाळी ते तांब्या घेऊन नदीकडे गेले आणि घसरून बसले ते नेमके निवडुंगावर. मोठे काटे एकवेळ निघतात. पण त्या पानांवर केसांसारखी बारीक कुसं असतात, ती दिसत नाहीत आणि निघत नाहीत. शाळेचे हेडमास्तर ओसरीत पालथे पडलेले, आणि मी दिव्याची वात मोठी करून शोधते आहे, सापडत काहीच नाही. शेवटी केशरमायला बोलवावं लागलं. ती आली, अंबाड्यातून सुई काढली, रुईचा चीक लावला आणि कामाला लागली. काम करताना ती त्यांच्याशी इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलत राहिली. पहिलीत किती मुलं आहेत, फळ्याला काळा रंग कधी देणार, तपासनीस साहेब कोणत्या महिन्यात येतात. ते उशीत तोंड खुपसून सगळ्याची उत्तरं देत होते. गावात कधीही, कुणाजवळही तिने ही गोष्ट काढली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी नदीच्या वाटेवरचं ते बेट नाहीसं झालेलं होतं.

तिचं खरं युद्ध मात्र दुसरं होतं. तिच्या शेताला लागून तिच्या धाकट्या दिराचं, नथूआप्पाचं शेत. दोघांच्या मध्ये निवडुंगाचा पट्टा होता, दहा-बारा पावलं रुंद. त्याच्याआड हद्दीचा दगड होता म्हणे. भाऊ वारल्यापासून नथूआप्पा भावजयीशी बोलत नव्हता. अकरा वर्षं. ती तरी कुठे बोलत होती. पण शेजारी शेत म्हटल्यावर काम तर अडतं. म्हणून ती दोघं बैलांशी बोलत. आप्पा आपल्या बैलाला मोठ्याने सांगायचा की उद्या पाटाचं पाणी आपल्याकडे आहे बरं का. ती आपल्या बैलाला सांगायची की असू दे, आपलं परवा आहे. बैलांना सगळ्या गावाची पाण्याची पाळी पाठ झाली असेल.

तिच्या शेतातले बाकीचे सगळे पट्टे संपले तेव्हा तिने हा पट्टा काढायचं ठरवलं. आप्पाने आपल्या बैलाला नाही, या वेळी गावपंचांना सांगितलं की हा पट्टा राहू द्यावा. डुकरं येतात, कोल्हे येतात, कुंपण हवं. माणूस शांत, देवभोळा, कधी कुणाशी वाद न घालणारा, पण इथे अडून बसला. गाव काय समजायचं ते समजलं. दगड सरकवला असणार. बायका विहिरीवर उघड बोलू लागल्या. केशरमायचा चिमटा त्या दिवसांत फार आवाज करायचा.

माघ महिन्यात सातपुड्यातून सायसिंग आणि त्याची बायको रुमली हे पावरा जोडपं दरवर्षीसारखं तिच्याकडे कामाला आलं. ते आपसात पावरी बोलत, केशरमाय अहिराणी, मी माझं पुणेरी. पण निवडुंगाला शिव्या देताना चौघांचं एकमेकांना सगळं कळे. रुमली तर काम करताना इतकी हसायची की केशरमाय तिला दम भरायची, कुसं तोंडात जातील म्हणून. पंधरा दिवस लागले. पट्टा साफ झाला. लाल माती उघडी पडली. आणि दगड नव्हता.

कुठेच नव्हता. आप्पा आपल्या शेताच्या कडेला उभा राहून बघत होता, आणि गावातली पाचसहा माणसं त्याच्याकडे बघत होती. तो मान खाली घालून घरी गेला.

त्या दिवशी केशरमाय जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिची भाकरी घेऊन शेतात गेले, तर ती पट्ट्यात नव्हतीच. आपल्याच शेतात, बांधापासून चांगली वीस पावलं आत, लिंबाच्या झाडाखाली दगडांचा एक ढीग होता, तो ती उपसत होती. शेतातले वेचलेले गोटे तिचा नवरा तिथे टाकायचा आणि दुपारी त्यावर बसून पानसुपारी खायचा. रुमली तिला गोटे काढून देत होती. मी विचारलं, हे काय काढता आहात. तिने पुढचा गोटा उचलून बाजूला टाकला. गोटे संपले तेव्हा खाली एक चौकोनी घडीव दगड दिसला. सरळ, मातीत घट्ट रोवलेला, डोक्यावर मोजणीची खूण कोरलेली. हद्दीचा.

म्हणजे पट्टा तर सगळा आप्पाचा होताच, वर वीस पावलं आतली पेरणीची जमीनही त्याचीच होती. आणि ते गोटे नवऱ्याने तिथे का टाकले, हे विचारायला आता कुणी नव्हतं.

ती खाली बसली. रुमलीने हसणं थांबवलं होतं. मला वाटलं, आता ती गोटे परत टाकेल. आम्ही दोघींनी कुणाला सांगितलं नसतं. मी मनात ठरवूनही टाकलं होतं. पण ती उठली, हात झटकले आणि एवढंच म्हणाली, "मूळ आठे शे." मूळ इथे आहे.

मग ती नथूआप्पाच्या घरी गेली. अकरा वर्षांनी. मी मागे होते. तो ओसरीत दोर वळत बसला होता. तिने बैल-बिल काही शोधला नाही. सरळ त्याच्याशी बोलली.

"आप्पा, चाल. दगड सापडना. मन्हाच वावरमा व्हता."

तो उठला नाही. दोर वळतच राहिला. मग खाली बघूनच बोलला.

"माले म्हाईत व्हतं, वयनी."

त्याला सुरुवातीपासून ठाऊक होतं. भाऊ जिवंत असतानाच त्याने तो ढीग वाढताना पाहिला होता. भाऊ वडील, त्याला काय विचारायचं म्हणून तो गप्प राहिला. भाऊ गेल्यावर तर प्रश्नच नव्हता. पट्टा वाढत होता तसा त्याने वाढू दिला, कारण पट्टा आहे तोवर दगड कुणी शोधणार नाही, आणि दगड सापडला नाही तर दादाचं नाव निघणार नाही. आणि तिच्याशी न बोलण्याचं कारण तिने विचारलं तेव्हा त्याने दोर बाजूला ठेवला.

"बोलतू तं तोंडमाईन निंघी जातं."

केशरमाय त्याच्या समोर जमिनीवर बसली आणि पदराने तोंड पुसू लागली. ते इतका वेळ चाललं की त्याची बायको आतून पाणी घेऊन आली ती तशीच उभी राहिली. पुढे केशरमायने मला सांगितलं की तिला नवऱ्याचा राग आला नव्हता, तो नंतर आला आणि पुष्कळ आला. त्या वेळी तिला फक्त एवढंच वाटत होतं, की गाव या माणसाला चोर म्हणत होतं आणि आपणही मनातून म्हणत होतो.

संध्याकाळी तिने चावडीपुढे उभं राहून दगड कुठे सापडला ते सगळ्यांना सांगितलं. नवऱ्याच्या नावासकट. विहिरीवरच्या बायका पुढे आठ दिवस फार गोड बोलत होत्या.

इथे भांडण संपायला हवं होतं. संपलं नाही. आता ती म्हणे जमीन तुझी, घे. तो म्हणे दादाने कसली ती तुझी, ठेव. लोक जमिनीसाठी भांडतात तसे हे दोघं जमीन नको म्हणून भांडले. पंचांनी हात टेकले. त्या साली तो तुकडा कुणीच पेरला नाही. पावसाळ्यानंतर मी एकदा तिकडून गेले तर केशरमाय कडेला उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर अशी तळमळ होती, की मला वाटलं कुणी आजारी आहे. पट्ट्यात राहून गेलेल्या तुकड्यांना कोंब फुटले होते. जमीन आप्पाची, तेव्हा तिला हात लावता येईना. आणि आप्पा ती आपली मानीना, तेव्हा तो काढीना. चार दिवस तिने सोसलं. पाचव्या दिवशी समेट झाला. जमीन आप्पाने घ्यायची, पण दरसाल तिथे फिरून कोंब काढायचा हक्क वहिनीचा. हा हक्क तिने असा बजावला की आप्पाच्या भुईमुगातही एकदा तिचा चिमटा घुसला होता.

त्यानंतर एक किडा आला. शेतकी खात्याचा एक कोवळा ओव्हरसियर टोपल्यांतून निवडुंगाची पानं घेऊन आला. निवडुंगाने भरलेल्या गावात निवडुंग घेऊन आलेला माणूस पाहून लोक आधी हसले. पण त्या पानांवर कापसासारखी पांढरी बुरशी होती आणि तिच्यात किडे होते. हे किडे फक्त निवडुंगच खातात, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत, असं त्याने सांगितलं. केशरमायने एक किडा बोटाने चिरडला. बोट लालभडक झालं, कुंकवात बुडवावं तसं. ती त्या बोटाकडे क्षणभर बघत राहिली आणि मग गोणपाटाला पुसलं.

ओव्हरसियरला तिने विचारलं की तो किडा मूळ खातो का. तो म्हणाला, झाडच कुजतं आजी, मूळ मग काय करणार. तिला हे उत्तर पटलं नाही. दोन वर्षं तिने त्या किड्यांचा हेवा केला. रोज जाऊन बघायची. निवडुंग आधी पांढरा पडला, मग पिवळा, मग ओल्या कागदासारखा गळून पडू लागला. वीस वर्षं जे तिने हातांनी केलं ते किडे बसल्या जागी करत होते. गावाला आनंद झाला. तिला बोचलं, हे तिने लपवलंही नाही. पण मग एके दिवशी ती गाडीत किड्यांची पानं भरून नदीपलीकडच्या गावांना निघाली, जिथे ओव्हरसियर पोचला नव्हता. गाडीतल्या पानांवर तिने ओलं फडकं घातलं होतं, किड्यांना ऊन लागू नये म्हणून. तेव्हापासून पोरं तिला किडामाय म्हणू लागली. तिला चालायचं.

त्याच सुमारास माझा गुन्हा उघडकीला आला. तळोद्याला आम्ही एका ओळखीच्या कारकुनाकडे गेलो होतो. त्यांच्या अंगणात एक झुडूप होतं, त्याला पिवळ्या आणि गुलाबी मिसळलेल्या फुलांचे गुच्छ. मला ते इतके आवडले की दोन काड्या आणून मी माझ्या अंगणात लावल्या. आमच्याकडे त्याला टणटणी म्हणत. वर्षभरात त्याचं दाट बेट झालं. केशरमायलाही ते आधी आवडलं. मग तिने एक पान चुरगळून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. त्या वर्षी सायसिंग कामाला आला तेव्हा तो माझ्या अंगणाबाहेर थबकला. त्याने तिला सांगितलं की डोंगरात झाडांखाली हे आता सगळीकडे शिरलंय. शेळी खात नाही, खाली गवत वाढत नाही, वाट राहत नाही. पाखरं फळं खातात आणि जिथे बसतात तिथे उगवतं.

मला वाटलं, आता उद्या सकाळी माझं झुडूप नसणार. पण ती कुदळ घेऊन माझ्या दारात आली आणि कुदळ माझ्या हातात दिली.

"मास्तरीनबाई, हाई झाड तुन्हं शे. तूच काढ."

मी म्हटलं, केशरमाय, मला कुदळ कुठे चालवता येते. ती म्हणाली, मला तरी कुठे येत होती. आणि ओट्यावर बसली. मी खणत होते, ती पेरू खात होती. मध्ये मध्ये इकडून नाही तिकडून, अजून खोल, असं सांगत होती. माझ्या तळव्यांना फोड आले. शेजारणी जमल्या. मूळ निघालं तेव्हा तिने ते हातात घेऊन उलटंसुलटं तपासलं, जसे आमचे यजमान पाटी तपासत, आणि मला उरलेला अर्धा पेरू दिला. तेवढं मोठं बक्षीस मला आयुष्यात दुसरं मिळालं नाही.

आमची बदली झाली. निघताना ती गाडीपर्यंत आली नाही. नदीपलीकडे टणटणीचं एक झुडूप दिसल्याचं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी मी एका लग्नासाठी शहाद्याकडे जात होते. मोटार गोमाईच्या काठी थांबली, इंजिनात पाणी घालायला. आमचं जुनं गाव पलीकडे दिसत होतं. मी खाली उतरले. सगळं इतकं मोकळं होतं की मला आधी ते गाव ओळखूच येईना. नदीपासून थेट घरांपर्यंत नुसती शेतं, नांगरलेली, आणि त्यांच्या टोकाला निळा सातपुडा.

त्या नांगरटीतून एक म्हातारी डोक्यावर कळशी घेऊन तिरकी चालली होती. चालण्यावरून मी तिला ओळखलं. हाक मारली, पण वारा उलटा होता. ती अनवाणी होती. त्या मुलखात आम्ही सगळे, लहानथोर, पायाखाली बघून चालायचो. वर्षानुवर्षं तशी मान खाली घालून चालायची सवय लागलेली माणसं होतो आम्ही. ती मात्र मान वर करून चालली होती. डोंगराकडे बघत, सावकाश, पाय कुठे पडतोय याची काहीही काळजी न करता. एकदा ढेकळाला अडखळली, कळशीतलं पाणी खांद्यावर सांडलं, तरी तिने खाली पाहिलं नाही.

मोटारवाल्याने भोंगा वाजवला. मी चढले.